शंभर फॉर्म भरून घेऊ की दहा बायकांशी नीट बोलू?

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं म्हणणं थोडक्यात असं. एम.ए. मास कॉमचं दुसरं वर्ष, प्रबंधाचा विषय 'मराठी मालिकांचा ग्रामीण महिलांवर होणारा परिणाम'. गाइड म्हणतात शंभर जणींची प्रश्नावली घे, टक्केवारी काढ, पाय चार्ट टाक, सायंटिफिक दिसतं. सिनियर म्हणते क्वालिटेटिव म्हणजे गुणात्मक घे, दहा मुलाखती झाल्या की सुटलीस, आकडेमोडीचं झंझट नाही. आता यातलं चांगलं कुठलं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय टिकेल?

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. सुरुवात दारोदार फॉर्म भरण्यापासून केली, मग सुपरवायझर झाले, आता रिपोर्ट लिहिते. वाचक कोण, प्रेक्षक कोण, काय बघतात, का बघतात हेच काम. दोन्ही पद्धतींनी कामं केलीत आणि दोन्ही पद्धतींनी तोंडावर आपटले पण आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते. तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

पहिलं म्हणजे तुझा घोळ पद्धतीचा नाहीच, तो 'परिणाम' या शब्दात आहे. परिणाम म्हणायचं तर आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि जे झालं ते मालिकेमुळेच झालं, मोबाईलमुळे नाही, बचत गटामुळे नाही, मुलगी पुण्याला शिकायला गेली म्हणून नाही, हे सगळं दाखवावं लागतं. एकाच आठवड्यात शंभर फॉर्म भरून घेतले तर त्यातून आधी आणि नंतर निघणार कुठून? आणि मुलाखतीत एखादी काकू म्हणाली की मालिका बघून मी सुनेशी नीट वागायला लागले, तर ते तिचं म्हणणं झालं, सुनेला विचारलंस तर वेगळंच ऐकायला मिळेल. म्हणजे गाइडचा प्लॅन घे नाहीतर सिनियरचा घे, शीर्षकातलं वचन दोघांकडूनही पुरं होत नाही.

मी नव्या पोरांना एक गोष्ट करायला लावते. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, बाजूला ठेव आणि प्रबंधाच्या शेवटी तुला जे वाक्य लिहायला आवडेल ते आत्ताच लिही, उत्तराची जागा मोकळी सोडून. "या गावातल्या रोज मालिका बघणाऱ्या बायकांपैकी इतक्या जणी अमुक करतात" असं वाक्य आलं तर तुला मोजायचंय. "या बायका मालिकेतल्या भांडणाबद्दल बोलता बोलता स्वतःच्या घराबद्दल जे उघड बोलता येत नाही ते अशा अशा पद्धतीने बोलतात" असं आलं तर तुला ऐकायचंय. संख्यात्मक की गुणात्मक हा वाद तिथेच निम्मा मिटतो. उरलेला निम्मा वेळ, पैसे, गाइडचा स्वभाव आणि तुझं गाव यांच्यावर आहे, त्यावर येतेच.

आता गाइडच्या शंभरांबद्दल. समजा तू खरोखर यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारख्या शंभर बायका निवडल्यास आणि त्यातल्या ६० म्हणाल्या की आम्ही रोज मालिका बघतो. तर गावातला खरा आकडा साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे, एवढंच तुला म्हणता येतं. तेच ४०० जणी घेतल्या तर ५५ ते ६५. म्हणजे सॅम्पल चौपट केलं की अंदाजातली चूक निम्मी होते, फुकट काही मिळत नाही. आणि शंभरातल्या ५० सासवा आणि ५० सुना वेगळ्या काढून तुलना करायला गेलीस तर प्रत्येक बाजूला १४ टक्के इकडेतिकडे, मग सासवा ५८ टक्के आणि सुना ६६ टक्के असा फरक दिसला तर तो फरक आहे की नाही हेच सांगता येत नाही. विद्यार्थी मात्र त्यावर दोन पानं लिहितात. आणि हे सगळं निवड चिठ्ठ्यांसारखी झाली असेल तर. गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली तर हे हिशोब लावायचेच नाहीत, कारण ती लिंक कुणी भरली? घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, आईच्या नावाने, बसमधे बसून.

बरं, फॉर्म तू स्वतः बसून भरून घेतलेस तरी गंमत असते. 'पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत' ही पाच खणांची पट्टी लायकर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३२ साली काढली, आणि आपण ती शब्दशः मराठी करून ओट्यावर भाकऱ्या थापणाऱ्या बाईसमोर वाचतो. नगर जिल्ह्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते, माझं तिसरं की चौथं वर्ष असेल. एक आजी प्रत्येक विधानाला "हां, बरोबर आहे बाई" म्हणत होत्या. "मालिकांमुळे घरात भांडणं वाढतात", बरोबर आहे. पुढे चार प्रश्नांनी मुद्दाम उलटं विधान घातलेलं होतं, "मालिका बघून घरातली माणसं समजूतदार होतात", तेही बरोबर आहे. मी म्हटलं आजी, दोन्ही कसं? तर म्हणाल्या, तू एवढी उन्हातान्हाची आलीस, तुला नाही कशाला म्हणू. ते दोन्ही 'सहमत' कॉम्प्युटरमधे गेले आणि सरासरीत धरले गेले. त्या रिपोर्टमधला तो तक्ता मला अजून आठवतो, दिसायला एकदम झकास होता.

दुसरा प्रकार म्हणजे लाजेचा. "तुम्ही दिवसातून किती वेळ टीव्ही बघता?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळणं अवघड. बाई म्हणते मला कुठला वेळ, सासूबाई बघतात. सासूबाई म्हणतात आम्ही फक्त कीर्तन लावतो. आणि पुढच्या पाच मिनिटांत दोघी मिळून गेल्या तीन आठवड्यांची स्टोरी सांगतात.

म्हणून तर धंद्यात टीव्ही मोजायला विचारत नाहीत, मीटर लावतात. २०१५ पासून बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो, तो कार्यक्रमाच्या आवाजात लपवलेली खूण ओळखतो, आणि घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं असतं. कुठल्या मिनिटाला किती जण चॅनल सोडून गेले इथपर्यंत ते सांगतं. जाहिरातीचा दर ठरवायला एवढं बास आहे. पण बटण दाबून ती बाई मेथी निवडत होती की डोळ्याला पदर लावून बसली होती, हे मीटरला कळत नाही, आणि तुझा विषय नेमका तिथे आहे.

मोठं सॅम्पल म्हणजे बरोबर उत्तर, हाही एक गोड गैरसमज. इंडियन रीडरशिप सर्व्हे, म्हणजे देशात कोण कुठला पेपर वाचतं याची मोठी पाहणी, तिचे २०१३ चे आकडे २०१४ च्या सुरुवातीला आले आणि मोठमोठ्या वृत्तपत्र समूहांनी एकत्र निवेदन काढून ते फेटाळले. त्यातला आपल्याकडचा मासला म्हणजे नागपूरचा 'हितवाद'. साठ हजारांवर प्रमाणित खप असलेला इंग्रजी पेपर आणि या पाहणीत नागपुरात त्याला एकही वाचक नाही! आता नागपूरच्या कुठल्याही पेपरवाल्या पोऱ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की यात काहीतरी गडबड आहे. आकडा चुकला तर तो चुकलाय हे ओळखायला तुम्हाला त्या गावाची, त्या घरांची ओळख लागते, आणि ती ओळख आकड्यातून येत नसते. हे मी क्वांटिटेटिवच्या, म्हणजे संख्यात्मकच्या, विरोधात बोलत नाहीये, माझं घर त्यावरच चालतं.

आता सिनियरच्या सल्ल्याकडे. क्वालिटेटिव सोपं असतं हे ज्याने पसरवलंय त्याने एक तासाची मुलाखत ऐकून मराठीत टाइप करून दाखवावी. मला अजूनही पाच-सहा तास लागतात, मागे कुकरची शिट्टी, पोरगं रडतंय, दोन जणी एकदम बोलतायत. दहा मुलाखती म्हणजे दीडदोनशे पानं. मग ती तीनदा वाचायची, कडेला खुणा करायच्या, सारख्या खुणा एकत्र आणायच्या, न जुळणाऱ्या बाजूला न टाकता त्यांच्यावर जास्त विचार करायचा. हे न करता 'एका महिलेने सांगितले की' करत आवडलेली वाक्यं चिकटवली तर ते संशोधन नाही, रविवार पुरवणीतला लेख झाला. चांगला होईलही कदाचित, पण व्हायवाला परीक्षक विचारणार की हीच वाक्यं का निवडली, बाकीच्या जणी काय म्हणाल्या, तेव्हा काय सांगशील?

किती मुलाखती पुरे हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नियम असा की नवीन माणूस नवीन काही सांगेनासा झाला की थांबायचं. एकसारख्या गटात हे बऱ्याचदा बारा-पंधराच्या आसपास येतं, पण तुझ्या सॅम्पलमधे शेतमजूर बाई, शिक्षिका, नवी सून आणि एकट्या राहणाऱ्या आजी अशा चारही जणी असतील तर बारात काही होत नाही, प्रत्येक प्रकारच्या दोन-तीनच पदरात पडतील. त्यापेक्षा एकच गट घे, समजा लग्न होऊन पाच वर्षांच्या आतल्या सुना, आणि तोच खणून काढ. सासू समोर बसलेली असताना सुनेची मुलाखत होत नसते हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण माझ्या टीममधल्या एकाने अशा आठ करून आणल्या होत्या आणि आठही सुना अगदी सुखात होत्या.

या दोन पद्धतींमधलं भांडण लोक समजतात तितकं जुनं नाहीये. उलट एक दुसरीच्या पोटातून निघालीये. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कला पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांची मंडळी रेडिओ कार्यक्रम लोकांना ऐकवायची, हातात दोन बटणं, आवडलं तर हिरवं, नाही आवडलं तर लाल, आणि मशीन कागदावर रेघ काढायचं. कुठल्या सेकंदाला लोकांना राग आला ते अचूक कळायचं, का आला ते काहीच नाही. मग त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन त्या श्रोत्यांना रेघेतल्या त्या त्या जागेवर नेऊन विचारायला लागले की इथे काय झालं होतं. आज ज्याला आपण फोकस ग्रुप म्हणतो, म्हणजे काही जणांना एकत्र बसवून एका विषयावर बोलतं करायचं, त्याची एक मोठी मुळी तिथे आहे.

आणि हे फार लांबचं वाटत असेल तर पुण्याचं बघ. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम, सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं आणि मग त्यावर चर्चा करायची. त्याचा अभ्यास टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केला, मूळचे व्हिएन्नाचे पॉल नॉयराट तेव्हा तिथे होते. त्यांनी काय केलं, तर मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तीन प्रकारची गावं घेतली आणि माणसांना आधीही प्रश्न विचारले आणि नंतरही. मंडळाच्या गावांत माहिती भरपूर वाढलेली दिसली, बाकीच्या गावांत फारशी नाही. हे झालं मोजणं. पण सोबत निरीक्षक मंडळात जाऊन बसायचे आणि चर्चा कशी चालते त्याच्या नोंदी घ्यायचे. त्या नसत्या तर आकड्यांवरून एवढंच कळलं असतं की मंडळाने फरक पडतो, तिथे बसून माणसं नक्की करतात काय ते नसतं कळलं. सत्तर वर्षांपूर्वी, आपल्याच गावांमधे, मराठीत. मला हे काम माहीत झालं तेव्हा मी दहा वर्षं फिल्डवर काढली होती, कुणी शिकवलंच नव्हतं.

तुझ्या विषयाच्या अगदी जवळचं उदाहरण अजून एक आहे, जरा नीट वाच. २००९ मधे रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, आपला गोवा अशा राज्यांतल्या १८० गावांतल्या बायकांना २००१ ते २००३ मधे पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले होते, आणि त्या काळात २१ गावांत नव्याने केबल आली होती. केबल आलेल्या गावांत 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, 'मुलगाच हवा' म्हणणाऱ्या कमी झाल्या. आधी-नंतर आहे, केबल न आलेल्या गावांशी तुलना आहे, परिणाम हा शब्द वापरायचा हक्क त्यांनी कमावलाय. तरी एक शंका राहते आणि ती त्यांनी स्वतःच मांडलीये, की बायकांचं मत बदललं की टीव्ही बघून त्यांना बाहेरच्या माणसासमोर काय बोलावं हे कळलं? त्यावर तोडगा म्हणून त्यांनी मुलींच्या शाळेच्या नोंदणीसारख्या, नुसत्या बोलण्यावर न अवलंबणाऱ्या गोष्टीही तपासल्या.

याच्या उलट टोकाला कर्क जॉन्सन नावाचा संशोधक. २००० साली प्रसिद्ध झालेलं काम, सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातली फक्त दोन गावं, तिथे राहून, लोकांमधे बसून टीव्हीने काय बदललं ते बघितलेलं. दोन गावांवरून महाराष्ट्राबद्दल टक्केवारी सांगता येत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. पण टीव्ही घरात आल्यावर संध्याकाळ कशी बदलते, कोण कुणाच्या घरी जाऊन बसतं, बसायची जागा कुणाची कुठे, असल्या गोष्टी १८० गावांच्या फॉर्ममधे खणच नसतो त्यांना. जेन्सन-ऑस्टरना जी शंका आली तिचं उत्तर शोधायला जॉन्सनसारखं बसावं लागतं, आणि जॉन्सनला जे दोन गावांत दिसलं ते इतरत्र आहे का हे बघायला १८० गावं लागतात.

तर आता तुझं. तुझ्याकडे किती महिने आहेत, गाव ओळखीचं आहे का आणि गाइड किती ऐकणारे आहेत यावर बरंच आहे. मी चार महिने आणि स्वतःचं किंवा आजोळचं गाव धरून सांगते.

आधी शीर्षकातून 'परिणाम' काढ. 'मालिकांबद्दलचं बोलणं', 'मालिका बघण्याची रीत', काहीही चालेल, पण जे दाखवता येणार नाही ते वचन नको. मग गावातल्या एका वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी कर, साठ-सत्तर घरं असतील, आणि सगळीकडे जाऊन फक्त दहा साधे प्रश्न विचार. टीव्ही कुठल्या खोलीत, रिमोट कुणाकडे, काल संध्याकाळी काय लागलं होतं, मोबाईलवर कोण बघतं. 'काल' विचार, 'साधारणपणे' विचारू नकोस, कालचं माणसाला आठवतं आणि त्यात लाज कमी असते. सगळीच घरं घेतल्यामुळे सॅम्पलचं भांडणच राहत नाही, त्या वस्तीपुरतं तुझं विधान पक्कं, आणि गाइडना पाय चार्ट मिळेल. खोटं नाही, पाय चार्टने बरीच कामं सोपी होतात.

त्या यादीतून मुलाखतीसाठी बारा जणी निवड, पण सगळ्या सारख्यासारख्या नकोत. हे मी मघाशी म्हटलं त्याच्या उलट वाटेल, पण गट एकच ठेव आणि त्यातल्या त्यात भरपूर बघणाऱ्या, थोडं बघणाऱ्या आणि टीव्ही मुद्दाम बंद केलेल्या एक-दोन जणी हव्यातच. ज्या बघत नाहीत त्यांना कुणी विचारत नाही आणि त्याच सगळ्यात जास्त बोलतात. मुलाखतीत "मालिकेचा तुमच्यावर काय परिणाम झाला" असं चुकूनही विचारू नकोस, "कालच्या भागात तिने जे केलं ते बरोबर केलं का" एवढं विचार आणि गप्प बस.

घरं फिरायची ताकद नसेल, गाव लांब असेल, तर तिसरा रस्ता आहे, आशयविश्लेषण. एकाच मालिकेचे लागोपाठ चाळीस भाग घे आणि ठरवून मोज, बाई घराबाहेर पैसे कमावताना किती दृश्यांत दिसते, घरातला निर्णय शेवटी कोण घेतं. दृश्य म्हणजे काय, निर्णय म्हणजे काय हे आधी लिहून ठेवायचं, आणि त्यातले चार-पाच भाग मैत्रिणीला स्वतंत्रपणे मोजायला द्यायचे. दोघींचं जुळत नसेल तर व्याख्या सैल आहे, मैत्रिणीशी भांडू नकोस, व्याख्या दुरुस्त कर. फक्त यातून बायकांबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, मालिकेबद्दलच लिहायचं, इथे बरेच जण घसरतात.

गाइडना मात्र या वादात ओढू नकोस. 'सर, मला क्वालिटेटिव करायचंय' असं म्हणत गेलीस तर ते नाहीच म्हणतील. त्यांच्यासमोर ते मोकळी जागा सोडलेलं वाक्य ठेव आणि विचार की सर, ही जागा शंभर फॉर्मने भरेल का. आणि जायच्या आधी पाच घरांत प्रश्नावली वापरून बघ, त्यातले निदान तीन प्रश्न फेकून द्यावे लागतील, ते कुठले आणि का फेकले ते वहीत तारखेसकट लिहून ठेव, व्हायवाला तेच पान आधी उघड.